ठोकून बसवलेली वाळू

मुलीने काचेचं नळकांडं वाळूच्या उभ्या खांबावर अलगद उतरवलं आणि खालचे बोल्ट आवळायला घेतले. खांब तो केवढा, वीतभर उंच, पातळ रबराच्या पिशवीत घट्ट बसवलेला. तिचे वडील हात पाठीमागे बांधून उभे होते. कशालाही हात लावायचा नाही, हे त्यांना आल्याआल्या बजावून झालं होतं, आणि चाळीस वर्षं गवंडीकाम केलेल्या माणसाला ही शिक्षाच होती.

"ही आपल्या घराखालची?" त्यांनी विचारलं.

"हो. अंगणात भोक पाडलं होतं ना, त्यातली. सहा मीटर खालची."

"एवढीशी?"

"एवढीशी पुरते. घराखाली हिच्यावर जेवढा भार असतो तेवढाच आता देते. मग हलवते. मोठा भूकंप आला तर हलेल तितकी."

घर नदीकाठी होतं, दुमजली, वडिलांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं. आता त्यात आई-वडील दोघंच राहत. काठाची वाळू भूकंपात दगा देते, ते घर सोडा, असं मुलगी दोन वर्षं सांगत होती, आणि वडील दोन वर्षं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देत होते. शेवटी तह झाला. विद्यापीठातलं तिचं यंत्र जे सांगेल ते दोघांनी मुकाट मान्य करायचं. भोकातून वाळूच्या दोन नळ्या निघाल्या. एक विद्यापीठाच्या गाडीतून आली. दुसरी वडिलांनी मांडीवर घेऊन आणली, आणि आधी तीच लाव असा हट्ट धरला.

यंत्र सुरू झालं. खांबाच्या डोक्यावरचा दांडा सेकंदाला एकदा खालीवर होऊ लागला. दहा, वीस, पन्नास. वाळू ढिम्म. शंभराव्या हेलकाव्याला प्रयोगशाळेतल्या मदतनीस मामांनी बटण बंद केलं.

"बघ," वडील म्हणाले. बोलले एवढंच, पण छाती चांगली दोन इंच पुढे आली होती.

हरल्याचा इतका आनंद मुलीला आयुष्यात कधी झाला नव्हता. तरी सवयीने तिने वहीतले आकडे पुन्हा पाहिले आणि तिचं पेन थांबलं. दोन्ही नळ्या एकाच भोकातल्या, तरी ही वाळू दुसरीपेक्षा कितीतरी दाट भरत होती.

"बाबा, नळी आणताना कुठे आपटली का?"

"आपटेन कशी? तान्ह्या पोरासारखी आणली."

"मग काहीच केलं नाहीत?"

"काही नाही. निघायच्या आधी तेवढी ठोकून घेतली. हातोडीच्या दांड्याने, चहूबाजूंनी. माल भरला की ठोकून बसवायचा असतो, हे आता तू मला शिकवणार?"

मामा खोकल्याचं निमित्त करून खिडकीकडे वळले. मुलीला हसू आलं आणि पाठोपाठ रडूही. या माणसाने उभ्या जन्मात कुठला माल पोकळ ठेवला नव्हता.

"घराखालची वाळू कोणी ठोकलेली नाही, बाबा. जशी आहे तशी बघायची होती. दुसरी नळी लावावी लागेल."

ठरल्याप्रमाणे ते जिंकले होते, आणि तसं म्हणायला मोकळे होते. ते काचेकडे पाहत राहिले.

"लाव," ते म्हणाले.

दुसरा खांब उभा करून त्यात पाणी भिनायला संध्याकाळ झाली. या वेळी वडिलांची नजर पडद्यावरच्या निळ्या रेघेवर होती.

"हे काय चढतंय?"

"कणांमधल्या पाण्याचा दाब. कणांनी एकमेकांना धरून घर पेललंय. हलवलं की पकड सुटत जाते, आणि भार पाण्यावर येतो. सगळा पाण्यावर आला की..."

पुढचं सांगावं लागलं नाही. वाळू एकाएकी वाळू राहिली नाही. खांब कमरेत फुगला, लवला, आणि दांडा लोण्यात शिरावा तसा खाली गेला. आवाज म्हणून झाला नाही.

वडिलांचे पाठीमागे बांधलेले हात सुटले. नाक काचेला लागेपर्यंत ते वाकले. वाळू चाळण्यात, धुण्यात, कालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं; चिमूटभर घेऊन ती कुठल्या घाटाची ते सांगत. आणि तिच्या पोटात इतकी वर्षं हे होतं. त्यांना आधी भीती वाटलीच नाही. वाटलं ते नवल, इतकं निखळ की डोळे भरून आले.

"काय गं ही," ते पुटपुटले. "सगळा जन्म हाताखाली होती, आणि कळू दिलं नाही."

मुलीने हे शेकडो वेळा पाहिलं होतं, आणि दर वेळी तिच्या अंगावर काटा येत होता.

"किती वेळ लागला?"

"अकरा हेलकावे. अकरा सेकंद."

वडिलांनी ओठ हलवत एक ते अकरा मोजले. मग पुन्हा एकदा, अधिक सावकाश.

"तुझ्या आईला माडीवरून खाली यायला याहून जास्त वेळ लागतो," ते म्हणाले.