पी.पी. नंबर

पंचाक्षरी काय काम करतो हे धारूरमध्ये कुणाला सांगूनही पटत नव्हतं. लांबच्या शहरातले कॉम्प्युटर आपण इथं बसून सांभाळतो, असं तो म्हणायचा आणि ऐकणारा आधी त्याच्याकडं, मग त्याच्या बापाकडं कीव आल्यासारखं बघायचा. पुण्याची कंपनी बंद पडली तसा तो वडिलांच्या, बसवेश्वरआप्पांच्या, किराणा दुकानामागच्या खोलीत येऊन बसला होता. ओळखीच्या, बिनओळखीच्या कंपन्यांना ईमेल धाडायचा: तुमचा सर्व्हर मी दुरून सांभाळतो. उत्तर कुणाचंच नाही. दिवसभर सोबतीला काय तर फोनच्या लाइनीला जोडलेला मोडेम, आणि तोही नुसता किंचाळायचा.

त्यात आप्पांचा फोन म्हणजे सगळ्या गल्लीचा पी.पी. नंबर. कुणाचा जावई, कुणाचा भाऊ, सगळे ह्याच नंबरावर फोन करणार आणि आप्पा हाका मारून माणसं बोलावणार. पंचाक्षरी इंटरनेटला लागला की लाइन गुंतायची आणि दुकानात कुणी रिसीव्हर उचलला की त्याचं काम तुटायचं.

शेवटी नाशिकच्या माल वाहतूक कंपनीचे मालक त्रिंबक कुलथे तयार झाले. तेही अर्ध्या मनानं. "माणूस समोर नाही अन् मशीन सांभाळणार? शनिवारी दुपारी आमचे सगळे ईमेल जुन्या सर्व्हरवरून नव्यावर हलवा. संध्याकाळी मी स्वतः तपासतो. नीट निघालं तर काम तुमचं, नाहीतर राम राम."

शनिवारी दुपारी फोन लागणार नाही, असं पंचाक्षरीनं गल्लीत दारोदार जाऊन सांगितलं. भामाबाई तेवढी राहिली. ती गावाबाहेरच्या वस्तीवर मेंढरं राखायची. सुरतेच्या मिलमध्ये लागलेला तिचा मुलगा परमेश्वर दर शनिवारी दुपारी एसटीडी बूथवरून फोन करायचा. उलट त्याला फोन लावायला नंबरच नव्हता.

ती पायरीवर येऊन बसली तेव्हा काम अर्ध्यावर आलं होतं. लाइन तोडली तर सगळं पहिल्यापासून, आणि कुलथे काही दुसरी संधी देणारा माणूस नव्हे.

"मावशी, लाइन गुतलीय. टाइम लागल," तो खोलीतूनच म्हणाला.

"चालू दे बाबा तुझं. मी हाय बसलेली."

काम संपलं तेव्हा ऊन उतरलं होतं. लाइन मोकळी झाली आणि थोड्या वेळानं फोन वाजला. भामाबाई पदर सावरत उठली. आप्पांनी रिसीव्हर कानाला लावला आणि मान हलवली. "पंचाक्षरी, नाशिक."

कुलथे जाम खूश होते. काम तुमचंच म्हणाले, आणि मग हे कसं केलं, ते कसं केलं, विचारत सुटले. नोकरी गेल्यापासून पंचाक्षरीशी त्याच्या कामाबद्दल असं कुणी बोललंच नव्हतं. त्यांनी थांबूच नये असं त्याला वाटत होतं. भामाबाई रिसीव्हरकडं टक लावून उभी होती.

"साहेब, ठेवतो आता. इथं एकजण फोनची वाट बघतंय."

"दुसरा ग्राहक गाठला की काय?"

"नाही. तुमच्या आधीचा आहे."

मग तिघंही फोनकडं बघत बसले. फोन वाजला नाही. दिवस मावळायला आला तशी भामाबाई उठली.

"जाते मी. मेंढरं कोंडायचीत." दोन पावलं गेली आणि वळली. "काय मनला रं तुझा मानूस?"

"काम दिलं."

"मंग त्वांड कावून पाडलंस?"

"मावशी, माझ्यापायी तुझ्या परम्याचा फोन..."

"तो करतोय फुडच्या शनवारी. आप्पा, वाईच गूळ द्या वं." तिनं गुळाचा खडा पंचाक्षरीपुढं धरला. "आ कर. परम्याला मिलीत घेतलं तवा फोनवरच कळलं. त्याला भरवायला गावलंच न्हाई."

पंचाक्षरीनं तोंड उघडलं. त्याला रडू आलं, ते त्यानं लपवलंही नाही.

ती गेल्यावर तो फोनजवळच बसून राहिला. आप्पांनी दुकान बंद करायला घेतलं तरी त्यानं मोडेम जोडला नाही.