जमनाबाईचे पाय

"यादी दारापासून लिहीत जा बाई, वेदीपासून नको." वारलेल्या पाळकसाहेबांचं हे सांगणं रीताबाईंनी यंदा पाळलं. येशूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून पवित्र गुरुवारी अनसिंगच्या त्या लहानशा चर्चमध्ये मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतले जात. त्या बारा जणांची यादी रीताबाई करत. त्यांनी पहिलं नाव लिहिलं जमनाबाईचं. बाप्तिस्म्याला सहा वर्षं झाली तरी ती दाराशीच बसायची. नाताळची झाडलोट तिची आणि ईस्टरच्या जेवणाची भांडीही तिचीच.

तिला सांगितलं तेव्हा ती लाजून म्हणाली होती, "माह्या टाचा लय फाटल्या, चालन का?"

"चालन. गुरुवारी तुह्ये पाय धुतले जातील, शब्द देतो मी," रीताबाई म्हणाल्या.

बुधवारी चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीच्या अमरदीपने ते नाव खोडलं.

"काहून रे बाबा?"

"तिच्या जातीच्या पायाले हात लावाले लोक का-कू करून राह्यले, मावशी. पुढच्या सालाले पाहू."

"मागच्या साली तिचं नाव सुचवलं तवा बी हेच म्हनला तू."

"उपासानं तुमी चिडचिड्या झाल्या," तो हसला.

लेंतभर, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस, एकवेळ जेवून रीताबाईंच्या अंगात भांडायचं त्राण उरलं नव्हतं. रात्री गुडघे टेकले, तेव्हा जमनाबाईला दिलेला शब्दच पुन्हा पुन्हा आठवत राहिला.

गुरुवारी उपासनेची घंटा झाली. रीताबाईंनी घरातली परात काखेत धरली, खांद्यावर धुतलेला पंचा टाकला आणि चर्चकडे न वळता त्या जमनाबाईच्या वस्तीची वाट चालू लागल्या.