दुपारचा लाल

तमिओने मुळ्याच्या लोणच्याची शेवटची फोड काड्यांनी उचलली, तोंडाजवळ नेऊन हवेतच थांबवली आणि जाहीर केलं,

"आता मी जे सांगणार आहे ना, त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही. माझा स्वतःचाच अजून बसत नाही."

"मग सांगतोस कशाला?" इवाओ म्हणाला. "लोणचं खा आणि गप्प बस."

इवाओचं सोबा नूडल्सचं दुकान गुरुवारी बंद असे. दुकानामागच्या खोलीत, पायाशी ऊब देणाऱ्या बैठ्या मेजाभोवती, रजईत कमरेपर्यंत पाय घालून चौघं बसली होती. भिंतीकडच्या टीव्हीवर चित्र थांबवून ठेवलेलं होतं. संध्याकाळचा समुद्र, त्यात शिरलेला लांबलचक धक्का, आणि धक्क्यावरून पाठमोरी निघालेली एक मुलगी. आभाळ, पाणी, दगड, सगळ्यांवर जांभळट सावट उतरलेलं. मुलीचा कोट तेवढा लालभडक, भर दुपारी असावा तसा.

'भरतीची इसाना' या ॲनिमे मालिकेचा हा सव्विसावा आणि शेवटचा भाग. चाळीस वर्षांपूर्वी ती इथंच, नेरिमात, दोन गल्ल्या पलीकडच्या स्टुडिओत तयार झाली होती. तमिओ तेव्हा व्हॅनमधून चित्रांच्या पिशव्या इकडून तिकडे पोचवायचा. इवाओ स्टुडिओतल्या लोकांना नूडल्सची तबकं पोचवायचा. आणि हिसाए चित्रांच्या पारदर्शक प्लास्टिकच्या तावांवर मागच्या बाजूने रंग भरायची. मालिकेच्या डीव्हीडी नव्याने बाजारात आल्या, तेव्हा इवाओनेच टूम काढली होती, की दर गुरुवारी दोन-दोन भाग बघायचे. पहिले दोन महिने हिसाएने गुडघ्याचं कारण सांगितलं. मग तमिओ एकदा दारात येऊन म्हणाला, "गुडघे काय, डोळ्यांनी बघायचंय की." तेव्हापासून ती येत होती, आणि येताना दर वेळी विचार करत होती, की हा माणूस मुद्दाम आपल्या दारापर्यंत का आला असेल.

आज चौथी एक बाई होती. चिगुसा, चाळिशीला टेकलेली, तोकिची मुलगी. तोकि मालिकेचे रंग ठरवायची. कुठल्या चित्राला कुठल्या नंबरचा रंग, ते पत्रकावर लिहायची, खाली आपला छोटा लाल शिक्का मारायची, आणि मग रंगवणाऱ्या मुली डोळे मिटून तो रंग भरायच्या. दोन वर्षांपूर्वी ती वारली.

चिगुसाने रताळ्याच्या वड्यांचा डबा मेजावर ठेवला होता आणि त्याच्या शेजारी एक मासिक. मासिकाच्या मधल्या दोन पानांवर हेच चित्र पसरलेलं होतं. धक्का, संध्याकाळ, लाल कोट.

"त्यांना पुढच्या अंकात लेख करायचाय," ती म्हणाली. "सगळे म्हणतात, सबंध मालिका एकीकडे आणि हे चित्र एकीकडे. रंग कुणी ठरवला, त्याचं नाव छापायचंय. मला विचारलं, आईनं हे मुद्दाम केलं होतं का. मला काय माहीत? घरी या मालिकेचं नाव जरी निघालं, तरी आई टीव्ही बंद करायची. म्हणून म्हटलं, तुम्हाला विचारावं."

तेव्हाच तमिओने ती मुळ्याची फोड उचलली होती.

हिसाएने कपाकडे हात नेला आणि न उचलताच मागे घेतला.

"एकदा पुन्हा लावता का?" ती म्हणाली. "शेवटचं एवढंच."

इवाओने बटण दाबलं. मुलगी धक्क्यावरून चालत गेली. अकरा सेकंद. हिसाएने पुन्हा लावायला सांगितलं.

चाळीस वर्षं ती एकच मत सांगत आली होती. मालिका बरी होती, शेवट फसला. कुणी इसानाचं कौतुक केलं, की ती म्हणायची, "हो, पण शेवटचं चित्र बघवत नाही. डाग पडल्यासारखा तो लाल." इतक्यांदा म्हणाली होती, की चित्र पुन्हा बघायची गरजच पडली नव्हती. आता ते चित्र तिच्यासमोर अकरा सेकंद चाललं होतं, आणि डाग काही तिला सापडत नव्हता. तिने मनातल्या मनात कोटावर संध्याकाळचा लाल भरून पाहिला. पत्रकावर असायला हवा होता तो, विटकरी, मातकट. मुलगी दगडात विरघळून गेली. पुन्हा दुपारचा भरला. सगळं जग मावळत चाललंय आणि पोरगी तेवढी मावळायला तयार नाही.

असं कुणी ठरवलंच नव्हतं, हे या खोलीत तिला एकटीला ठाऊक होतं. का एकटीला नव्हतं?

"हं, तर," तमिओ म्हणाला, "मंगळवार होता. बर्फ असं पडत होतं, की व्हॅनच्या काचेवरचा वायपर दमून खाली बसला."

"त्या आठवड्यात बर्फ नव्हतं," इवाओ म्हणाला. "मी सायकलवर तबकं घेऊन फिरत होतो. कोरडं ठणठणीत ऊन."

"तुझ्या गल्लीत ऊन असेल. माझ्या गल्लीत बर्फ होतं. व्हॅन घसरली ती शाकुजिइच्या तळ्यापर्यंत. तिथे बदकांनी मला ओळखलं, आणि त्यांनी ढकलत परत रस्त्यावर आणलं."

"गेल्या गुरुवारी व्हॅन तळ्यात बुडाली होती."

"ती दुसरी व्हॅन!"

चिगुसा हसली. तमिओची थाप ही इवाओच्या रश्श्यासारखी होती. दर वेळी पाणी वाढलेलं, तरी माणूस वाटी पुढे करायचा. हिसाएही एरवी हसली असती. आज ती एकाच शब्दापाशी अडकली होती. मंगळवार. सहा दिवस सोडून याने नेमका मंगळवार का उचलला?

त्या मंगळवारी सकाळी तोकिने तिला जिन्यात गाठलं होतं. आईचं दुखणं वाढलंय, निइगाताला जाते, उद्या संध्याकाळी हजर. मालकाकडे रजा मागायची सोय नव्हती, प्रसारणाला नऊ दिवस राहिले होते. तोकिने शिक्का तिच्या तळहातावर ठेवला आणि मूठ मिटवली. "तीनच पत्रकं राहिलीयत, तुला सगळं पाठ आहे. माझ्यासारखंच अक्षर काढ." हिसाए बावीस वर्षांची होती. तोकिच्या खुर्चीत बसायला मिळालं, याचंच तिला इतकं भरून आलं, की शेवटच्या पत्रकावर कोटाच्या रकान्यात संध्याकाळचा नंबर लिहायचा, तिथे हात सवयीने दुपारचा लिहून गेला. पंचवीस भाग कोटात तोच तर भरत आली होती. शिक्का मारला. दुपारी तमिओ पिशव्या न्यायला आला, तेव्हा तिने त्या दारातूनच त्याच्या हातात दिल्या. तो आत डोकावला होता का, हे तिला आजही नक्की सांगता आलं नसतं.

प्रसारणानंतर प्रेक्षकांची थट्टेची पत्रं आली. मालकाने सगळ्यांना उभं करून पत्रक नाचवलं आणि विचारलं, हा शिक्का कुणाचा. तोकिने एकदाच हिसाएकडे पाहिलं. मग कमरेत वाकून म्हणाली, "माझी चूक." नव्या वर्षात तोकि स्टुडिओ सोडून गेली. रिकाम्या खुर्चीत कोण बसणार, हा प्रश्न आला, तेव्हा सगळं पाठ असलेली एकच मुलगी होती. हिसाए त्या खुर्चीत एकतीस वर्षं बसली.

"...तर मी वर आलो," तमिओ सांगत होता. "डोक्यावर चार बोटं बर्फ. तोकि-सान आपल्या खुर्चीत. समोर शेवटचं पत्रक. कोटापुढे तिने संध्याकाळचा नंबर लिहिलेला, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. मग तिची लेखणी अडकली. म्हणाली, तमिओ-सान, जरा खिडकी उघडा. मी उघडली. म्हणजे बघा, खिडकी मी उघडली, हे लेखात यायला हवं."

"पुढे सांग," इवाओ म्हणाला.

"खाली रस्त्यावर टोफूवाल्याच्या मागे एक पोर पळत होतं, लाल कोट घातलेलं. दिवेलागण झालेली. टोफूवाला काळा, सायकल काळी, रस्ता काळा. पोराचा कोट मात्र पेटलेला! तोकि-सानने बघितलं. परत येऊन नंबर खोडला, दुपारचा लिहिला, आणि शिक्का मारला. असा, ठाप्पकन!" त्याने काड्या मेजावर आपटून दाखवल्या. "मी विचारलं, मालक ओरडतील ना? तर म्हणाली, ओरडू देत. चाळीस वर्षांनी कळेल."

चिगुसाने हसत डोळे टिपले. इवाओने मासिक आपल्याकडे ओढून ते चित्र पुन्हा पाहिलं.

तमिओने किटली उचलली आणि पहिल्यांदा हिसाएच्या कपात चहा ओतला. कप भरेपर्यंत तो तिच्याकडे बघत होता. त्या बघण्यात थट्टा नव्हती, आणि म्हणूनच तिला भीती वाटली.

त्याला माहीत होतं. कदाचित चाळीस वर्षं माहीत होतं. मग हे काय चाललं होतं? मेहेरबानी, की सापळा? तोकिला मान मिळत होता, पोरीला समाधान, आणि हिसाएला काहीच करायचं नव्हतं, फक्त चहा प्यायचा. आणि बोलायचं म्हटलं, तरी आता काय तोंडाने बोलणार? लाज होती तेव्हा ती तोकिच्या पदरात टाकली. आता त्याच लाजेचं कौतुक झालं, तर पुढे होऊन म्हणायचं, की ते माझं? मेलेल्या बाईच्या ताटातला घास ओढल्यासारखं दिसलं असतं. बोलली तरी चोर, न बोलली तरी चोर.

"पी, हिसाए-चान," तमिओ हळूच म्हणाला. "गार होतोय."

तिने कप दोन्ही हातांत धरला.

चिगुसाने पिशवीतून वही काढली होती. "एक मात्र मला कळत नाही," ती म्हणाली. "आईनं एवढं समजून-उमजून केलं, तर ती टीव्ही बंद का करायची? एकदा तर मी लहान असताना हट्टाने लावला, तर मला मारलंन. कधी हात न उगारणारी बाई. मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी होती. मला आयुष्यभर वाटत आलं, की तिच्या हातून काहीतरी वाईट झालं असणार."

"विनय!" तमिओ घाईने म्हणाला. "मोठी माणसं अशीच असतात. स्वतःचं काम बघवत नाही त्यांना. मी नाही का, माझी व्हॅन कुठे दिसली तर तोंड फिरवतो."

"तुझी व्हॅन तळ्यात आहे," इवाओ म्हणाला.

चिगुसा या वेळी हसली नाही. विनय हा शब्द तिने मनात आईच्या अंगावर चढवून बघितला असावा, आणि तो बसला नसावा. तरी तिने पेनाचं टोपण काढलं, कारण मासिकाला उत्तर द्यायचं होतं आणि दुसरं काही हाती नव्हतं. ती तोंडाने पुटपुटत लिहू लागली. "मंगळवारी... आई... आपल्या खुर्चीत..."

"खोडा ते," हिसाए म्हणाली.

आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. तमिओने किटली खाली ठेवली. त्याने डोळे मिटले, आणि तिला बोलू दिलं.

"थाप मारतायत ते. मंगळवारी तोकि त्या खुर्चीत नव्हतीच. ती निइगाताच्या गाडीत होती, आजारी आईकडे निघालेली. खुर्चीत मी होते."