बाबांच्या डोक्याचा डाग

गालिचा स्वच्छ निघाला. इतका स्वच्छ, की दुकानाबाहेर टांगला असता तर येणाऱ्या-जाणाऱ्याने भाव विचारला असता.

असं काही झालेलं नाही. निदान आमच्या घरात तरी झालेलं नाही. गालिचा अजून शेजारी भावेशकडेच आहे, असं आई म्हणते. हॉलच्या दारामागे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, माझ्या खांद्याइतकं उंच जे काही उभं आहे त्याला आम्ही दोघी वळसा घालून जातो. ते काय आहे हे आम्हाला माहीत नाही. आम्ही विचारलेलं नाही, त्याने सांगितलेलं नाही.

माझे बाबा, पंढरीनाथ, बँकेतून रिटायर झाले आणि बँकेतली सगळी शिस्त त्यांनी घरात जमिनीवर अंथरल्या जाणाऱ्या वस्तूंवर आणली. नवघरमधल्या आमच्या वन बीएचकेत अशा वस्तू फार नाहीत, पण होत्या त्यांना धाक होता. सुती सतरंजी थंड पाण्यात मूठभर खडेमीठ टाकून भिजवायची, नाहीतर लाल पट्टा पांढऱ्या पट्ट्यात घुसखोरी करतो. पिळायची नाही. उलटी बाजू उन्हाकडे. चटई ओल्या फडक्याने पुसून सावलीत उभी करायची, कारण उन्हात ती कडक होते आणि पुढच्या पाहुण्याच्या बुडाखाली मोडते. काथ्याच्या पायपुसण्याला पाणी दाखवायचंसुद्धा नाही; ते गॅलरीच्या कठड्यावर झोडपायचं, तेही खालच्यांचे कपडे वाळत नाहीत ना हे वाकून बघून. घोंगडीला फक्त रिठ्याचं पाणी, वर्षातून एकदा, आणि त्या दिवशी बाबांशी कोणी बोलायचं नाही.

आणि मग गालिचा. खरा लोकरीचा, गडद तांबडा. मीरा रोडच्या एका प्रदर्शनातून काश्मिरी म्हणून घेतलेला. घरी आणून उलटल्यावर मागे उत्तर प्रदेशातल्या भदोहीचा शिक्का निघाला. बाबांनी तो परत सुलटा केला आणि पुढे कायम त्याला काश्मिरीच म्हणत राहिले. त्याची पद्धत वेगळी. जाडं मीठ भुरभुरायचं, तेवढ्यात पेपर वाचून काढायचा, मग ब्रश फिरवायचा, पण लव ज्या बाजूला झोपते त्याच बाजूला. मी एकदा उलट्या दिशेने फिरवला तर म्हणाले, मांजराला असं कुरवाळतेस का? आमच्याकडे मांजर नव्हतं. तरी मला वाईट वाटलं.

या गालिच्यावर एकच डाग होता, आणि तो बाबांचा होता.

रविवारी जेवण झालं की बाबा गालिच्यावर आडवे व्हायचे. खिडकीकडे डोकं, टीव्हीकडे पाय, उशी नाही. केसांना सकाळी चोपडलेलं खोबरेल. वर्षानुवर्षं एकाच जागी ते डोकं टेकल्यामुळे तिथे मोठ्या बटाट्याच्या आकाराचा काळपट लंबगोल तयार झाला होता. त्याच्याखाली खांद्यांचे दोन चेपलेले भाग आणि पार टोकाला टाचांचे दोन खळगे. बाबा ऑफिसला गेलेले असायचे तेव्हाही त्यांचा थोडा भाग घरीच असायचा.

आई आयुष्यभर यावरून भांडली. उशी घ्या. बाबांचं उत्तर ठरलेलं होतं, "उशीने मान धरते." शनिवारी ते स्वतःच त्या डागावर बेसन पसरायचे, बेसन तेल पिऊन गडद झालं की झाडून काढायचे, आणि आईला बोलावून दाखवायचे की बघ शैला, किती फिकट झालाय. रविवारी जेवून पुन्हा तिथेच. शनिवारी काढायचं, रविवारी भरायचं. बँकेतल्या माणसाला यात काही गैर वाटत नव्हतं.

मागच्या महिन्यात बाबा गेले. हॉस्पिटलमध्ये, पांढऱ्या उशीवर. उशीबद्दल त्यांनी पहिल्यांदाच तक्रार केली नाही, तेव्हाच आम्हाला समजायला हवं होतं.

भेटायला येणाऱ्यांना वाटायचं की आई दुःखाने खाली बसली आहे. ती त्या डागाशेजारी बसली होती. लोक बोलायचे, ती हं हं करायची आणि एक हात त्या लंबगोलावर ठेवून असायची, ताप बघावा तसा. लोक गेले की हात नाकाशी न्यायची. त्यात खोबरेल होतं, बेसन होतं, थोडे बाबा होते. मी बघितलं ते तिला माहीत होतं. आम्ही त्यावरही बोललो नाही. आमच्या घरात न बोलण्याचं काम फार व्यवस्थित चालतं.

अडचण मनोरमाआत्याची झाली. बाबांची ही मोठी बहीण पालघरहून आली ती धुण्याचा साबण घेऊनच. सुतक फिटलं की घरातलं अंथरूण-पांघरूण, पडदे, जे काही मऊ आहे ते सगळं धुऊन निघालं पाहिजे, हा तिचा नियम. आपल्याकडे सगळीकडेच असतो, पण आत्याकडे तो जरा जास्त असतो. तिने सतरंजी गरम पाण्यात घातली. लाल पट्ट्याने पांढऱ्या पट्ट्यात घुसखोरी केली. मग आत्याने गालिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, उद्या हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आंघोळीला गेली. तिची आंघोळ ही दोन-तीन स्तोत्रांची असते. तेवढ्या वेळात आईने आणि मी गालिचा गुंडाळला आणि समोरच्या दाराची बेल वाजवली. भावेशने दार उघडलं. तोंडात ब्रश होता. आई त्याला म्हणाली, थोडे दिवस राहू दे तुझ्याकडे. त्याने ब्रशसकट मान हलवली, गालिचा खांद्यावर घेतला आणि आत गेला. त्याने कारण विचारलं नाही. तेरा दिवस आमच्याकडे खिचडी पाठवणारा माणूस कारणं विचारत नाही. आत्या बाहेर आली तेव्हा आई तिला म्हणाली की गालिचा भावेशकडे पाहुणे आलेत म्हणून दिला होता, मागेच. आत्याने उघड्या फरशीकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि पडदे काढायला घेतले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या आणि भावेशच्या घरात एक स्टीलचा डबा फिरतो. तो मूळ कोणाचा हे आता दोन्ही घरांत कोणालाच ठाऊक नाही. आमच्याकडून पुरणपोळी जाते, त्यांच्याकडून हांडवो येतो, आमच्याकडून कोथिंबीर वडी, त्यांच्याकडून खांडवी. तो कधी रिकामा परत गेलेला नाही. काहीच नसेल तर तळाशी चमचाभर साखर. सुतकात आमच्या घरचं काही पाठवायचं नाही म्हणून त्या डब्यासकट खिचडीचे सगळे डबे आमच्या ओट्यावर साठत गेले, तर आईला बाबांच्या दुःखातसुद्धा त्या डब्यांची लाज वाटत होती.

आत्या पालघरला गेली. आईने केस विंचरले, बरी साडी नेसली आणि समोर गालिचा मागायला निघाली, तेवढ्यात आमचीच बेल वाजली. भावेश आणि त्याची बायको भूमिका. दोघांच्या मध्ये, झोपलेल्या मुलाला आणावं तसा, प्लास्टिकमधला गालिचा.

भूमिका म्हणाली, "काकी, काकांची आवडती वस्तू. असाच परत कसा देणार? आपल्यात रिकामा डबा तरी देतात का?"

त्यांनी तो इथल्याच काशिमीऱ्याच्या एका गालिचे धुणाऱ्या कारखान्यात दिला होता. मशीनने धूळ झटकली, शॅम्पू, वाफ, मग वर सुगंधी काहीतरी. भावेशने प्लास्टिक थोडं सोडून दाखवलं. त्याचा आवाज खाली आला, त्याला अभिमान लपवता येत नव्हता. "काकी, एका बाजूला एक बहुत जुना दाग होता. ते लोक बोलले निघणार नाही. मी बोललो, दोन वेळा धुवा, पण काढा. काकांचा गालिचा आहे. निघाला."

आई बघत राहिली. गालिचा तांबडा होता, सगळीकडे सारखा. लव ताठ उभी होती. कोणी त्यावर कधी झोपलं होतं याचा काही पुरावा उरला नव्हता. त्याला मोगऱ्याचा वास येत होता.

"छान झालाय," आई म्हणाली. मग तिने दोघांना बसवलं, चहा केला आणि ओट्यावरचे सगळे डबे एकात एक घालून, सर्वांत वरच्यात साखर टाकून त्यांच्या हातात दिले. ते गेल्यावर तिने गालिचा दारामागे उभा केला आणि मला म्हणाली, "भावेशकडून गालिचा आणायचा राहिलाच की गं. बघू सावकाश."

त्या दिवसापासून तो भावेशकडे आहे.

काल रविवार होता. जेवण झाल्यावर मी भांडी आवरून हॉलमध्ये आले तर प्लास्टिक सोफ्यावर पडलं होतं आणि गालिचा जागेवर अंथरलेला होता. आई त्यावर उताणी झोपली होती. उशी नाही. तिने केसांना इतकं खोबरेल चोपडलं होतं की कपाळावरून कानात ओघळत होतं. डोळे मिटलेले. हात दोन्ही बाजूंना सरळ, शवासनात असतात तसे. आई टीव्हीकडे डोकं करून झोपली होती.

अशा वेळी काय बोलतात हे मला माहीत नाही. मी एका ऑनलाइन कंपनीत ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिते. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत, हे मी रोज इतक्यांदा लिहिते की घरी ते निघत नाही.

"आई," मी म्हटलं, "बाबा खिडकीकडे डोकं करायचे."

तिने डोळे उघडले नाहीत. उठली, तशीच चाचपडत फिरली आणि खिडकीकडे डोकं करून पुन्हा आडवी झाली. मी तिचे खांदे धरून तिला थोडं डावीकडे सरकवलं. मग अजून थोडं. मग जागा बरोबर आली. पाय मात्र टाचांच्या खळग्यांपर्यंत पोचेनात. खळगेही आता नव्हते, पण ते कुठे होते ते आम्हा दोघींना माहीत होतं.

बाबा जेवढं झोपायचे तेवढं ती झोपली. घोरली नाही, तेवढाच फरक. मग उठून बसली आणि आम्ही दोघींनी वाकून बघितलं. एक छोटासा, ओला, गडद ठिपका. मोसंबीएवढाही नाही. तिने त्यावर हात ठेवला, वास घेतला. खोबरेल आणि मोगरा.

"केवढं मोठं डोकं होतं गं त्यांचं," आई म्हणाली.

मग ती रडली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. मी तिच्याशेजारी बसून लव एका बाजूने सारखी करत राहिले, झोपते त्या बाजूने.

गालिचा पुन्हा प्लास्टिकमध्ये, दारामागे, म्हणजे भावेशकडे गेला. संध्याकाळी भावेशने मला फोनवर एक मेसेज पुढे पाठवला. कारखान्याचा होता. आमची सेवा कशी वाटली, समाधान झालं नसल्यास कळवा, गालिचा पुन्हा मोफत धुऊन देऊ. मी आयुष्यभर अशा मेसेजच्या पलीकडच्या बाजूला बसले आहे. या बाजूने कसं लिहितात ते मला चांगलं माहीत आहे. म्हणून लिहिलं:

महोदय, आपल्या सेवेबद्दल आमची काहीही तक्रार नाही. गालिचा कृपया पुन्हा धुऊ नये. तथापि सदर गालिच्याच्या एका टोकाला असलेला एक लंबगोल डाग आपल्याकडून अनवधानाने काढला गेला आहे. तरी तो डाग, त्यातील वासासह, खिडकीच्या दिशेने, मूळ जागी पूर्ववत बसवून मिळावा. ते शक्य नसल्यास सदर डाग पाडणारी व्यक्ती दर रविवारी दुपारी जेवणानंतर आमच्या राहत्या पत्त्यावर पाठवण्याची व्यवस्था व्हावी, ही नम्र विनंती. सोबत उशी पाठवू नये. मान धरते.