टॅग नंबर एकशे अठरा

"एकशे अठरा नंबर कशाचा आहे, काका? बाकी सगळे सापडले. हा एकच राहिला."

वर्षा मॅडमनं यादीवरचं बोट तिथंच ठेवलं. यवतमाळच्या त्या नव्या दवाखान्याच्या बांधकामावर ड्रिल मशीन, शिड्या, लोखंडी टेकू, सगळ्यांना टॅग लावलेले होते. हातातलं यंत्र जवळ नेलं की ते टुकटुक वाजायचं आणि पडद्यावर नंबर यायचा. काम संपत आलं होतं. न सापडलेला नंबर उद्या यादीतून कटणार होता.

स्टोअर सांभाळणाऱ्या पूनमसिंगनं यादीकडे पाहिलं.

"मशीनले नाही लावला थो," तो म्हणाला. "माह्या बायकोच्या चुंबळीले होता."

"चुंबळीला?"

"हा लावला का वस्तू हरवत नाही, असं मीच तिले सांगतलं. तं म्हणे, मंग मले एक दे, बाया माही चुंबळ उचलून नेतेत. एक उरला होता, देल्ला. तिनं आत शिवून घेतला. चूक माही हाय, मॅडम."

बोंडअळीच्या साली कापूस हातचा गेला, तेव्हा फुलसावंगीकडच्या तांड्यावरून दोघं इथं आले. त्याला स्टोअर मिळालं, लालीबाई विटा वाहू लागली. डोक्यावर विटांखाली तीच चुंबळ, आईनं करून दिलेली, कवड्या लावलेली. दिवाळीनंतर लालीबाई तापानं पडली. खाटेवरून एकच धोशा, माही चुंबळ आण. कुठं हाय विचारलं तर आठवायचं नाही. "हरवली नाही, म्या ठेवली हाय," एवढंच म्हणायची. दहाव्या दिवशी तो वैतागला.

"मरू दे ना थे चुंबळ. उलशाक चिंधीसाठी कायले डोकं खातं?"

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली.

त्याला चार महिने झाले. रोज जेवणाच्या सुट्टीत तो विटांचे ढीग, सिमेंटच्या गोण्या उलथून पाहायचा. यंत्र मॅडमच्या कपाटात असायचं. ते मागायचं तर चूक सांगावी लागली असती.

वर्षानं यंत्र उचललं. "चला. उद्या प्लास्टर आहे. प्लास्टरचा थर चढला की मागचं याला कळत नाही."

खालचे मजले फिरून झाले. तिसऱ्या मजल्यावर, पाइपांच्या डक्टची नवी भिंत होती तिथं यंत्र वाजलं. पडद्यावर एकशे अठरा.

फिरोज मिस्त्री भिंतीवर पाणी मारत होता. "याच्या आत? अरे हो, आत कोनाडा होता. बाया डबे ठेवत तिथं. अंधारात मले काही दिसलं नाही, लावल्या विटा."

"केवढ्या उंचीवर होता?"

फिरोजनं हात धरून दाखवला. लालीबाईच्या खांद्याला आला असता एवढा. ओझं उतरवायचं, डोक्यावरची चुंबळ काढायची आणि न वाकता ठेवून द्यायची.

"तोडू का, भाऊ? अर्ध्या घंट्याचं काम. उद्या मंग मले म्हणू नको."

पूनमसिंगनं विटांवर तळवा ठेवला. भिंत ओली होती.

"नको तोडू."

"काहून? एवढं हुडकून राह्यला होता ना?"

"तिनं ठेवली होती. हरवली नोती."

फिरोजनं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनं यादी उघडली.

"काय लिहू, काका?"

"सापडली लिहा. जागा पण लिहा."

तिनं लिहिलं. यंत्र त्याच्या हातात दिलं. "येताना घेऊन या," म्हणाली आणि जिना उतरली. फिरोज माल कालवायला गेला.

पूनमसिंग दोन पावलं मागे सरकला. यंत्र गप्प झालं. त्यानं ते भिंतीकडे धरून ठेवलं. मग दोन पावलं पुढे आला.