मोटर लावते हं

थोरल्या जावेने विहिरीच्या कठड्यावर गुडघा टेकवला, व्हॉल्व्हचं चाक दोन्ही हातांनी धरलं आणि आणखी फिरेना इतकं आवळलं. तो जाड निळा पाइप धाकटीच्या मोटरचा. घे म्हणावं आता, किती पाणी घ्यायचंय ते.

विहीर दोन्ही घरांत सामाईक, निम्मी निम्मी. कठड्यावरची जुनी मोटर थोरलीच्या नवऱ्याने घेतलेली. तो गेला तरी तिने ती बदलली नव्हती. धाकटीने मात्र गेल्या उन्हाळ्यात पाण्यात बुडणारी नवी मोटर सोडली आणि तेव्हापासून थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. धाकटीच्या अंगणातल्या नळाला मनगटाएवढी धार, हिच्या नळाला करंगळीएवढी. तिची झाडं तरारलेली, फरशी धुतलेली, गाडीसुद्धा चकचकीत. आपल्या वाटणीचं पाणी ती बया ओढून घेते, याबद्दल थोरलीला तिळमात्र शंका नव्हती. ती मोटर बंद पाडायला उद्या वकिलाकडे जायचं पक्कं झालं होतं. पण उद्यापर्यंत धीर कुणाला?

त्यातून ती रोजची हाक. मोटर लावण्याआधी धाकटी कुंपणापाशी येऊन ओरडायची. नवी मोटर घेतल्याचं साऱ्या गल्लीला कळायला नको? मग थोरलीही दातओठ खात आपलं बटण दाबायची. मागे राहायचं नाही, एवढंच.

आजही हाक आलीच.

“ताई, मोटर लावते हं.”

“लाव की,” थोरली गोड आवाजात म्हणाली आणि तिने आपलं बटण दाबलं.

जुनी मोटर घरघरू लागली. पलीकडचा नळ खाकरला, फुसफुसला आणि गप्प झाला. कितीतरी दिवसांनी थोरलीला इतकं बरं वाटलं. तिने आपल्या नळाखाली बादली सरकवली. तो नळही खाकरला आणि गप्प झाला.

“ताई, माझ्याकडे पाणी येत नाहीये. मोटर बंद केली मी. तुमच्याकडे येतंय?”

“येतंय ना,” थोरलीने ठोकून दिलं, आपली मोटर बंद केली आणि ती विहिरीकडे गेली.

कठड्यावरून ती वाकली. तिच्या मोटरचा पाइप अधांतरी लोंबत होता. पाणी त्याच्या खूप खाली गेलं होतं. मग तिला व्हॉल्व्हच्या पुढचा जोड दिसला. जाड निळ्या पाइपातून एक बारीक पाइप काढून कठड्याच्या मागून तिच्या नळाकडे नेलेला होता. जोडावर बांधलेली रबराची पट्टी उन्हाने तडकली होती. म्हणजे हे आजकालचं नव्हतं. आणि थोरलीनेही बटण दाबावं म्हणून हाक मारल्याशिवाय धाकटीने एकदाही मोटर लावली नव्हती.

थोरलीला ते फार झोंबलं. पाणी ओढून घेतलं असतं, तर निदान भांडता तरी आलं असतं.

तिने चाक उलटं फिरवलं, हात पदराला पुसले आणि ती कुंपणापाशी आली. धाकटी रिकामी बादली घेऊन उभी होती.

“अगं, आता लावून बघ.”

“तुम्ही लावलीत?” धाकटीने बादलीकडे बघतच विचारलं.

थोरली जराशी घुटमळली.

“ही काय, लावते,” ती म्हणाली, आणि आत जाऊन तिने आपलं बटण दाबलं.