गैरहजर असेल तो वडील

आमच्या कोरेगावच्या ख्रिस्ती मंडळीत वडील, म्हणजे मंडळीचा कारभारी, निवडायची एक रीत पडून गेली आहे. सभेला आलेला प्रत्येक जण हात जोडून नको म्हणतो, म्हणून जो आलेला नसतो त्याच्या गळ्यात हे लोढणं अडकवतात. मी मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला सांगलीला गेलो होतो, परतलो तो वडील होऊन. चार गावांना मिळून एक पाळक, म्हणजे पाद्री. ते नसतील त्या रविवारी उपासना चालवा, भांडणं मिटवा, दफनभूमीचं कुलूप उघडा. नऊ वर्षं केलं. आता जीव विटला होता.

त्यात सांगलीला दिलेल्या करुणाची, म्हणजे मुलीची, बाळंतपणाची रजा संपत आली. बाळाला सांभाळायला कोणी नाही.

"आवं, यंदा सभेत म्होरंच बसा आनि सरळ न्हाई म्हना," मंगल, माझी बायको, म्हणाली. "मग दोगं सांगलीलाच ऱ्हाऊ." तिनं बॅगसुद्धा भरून ठेवली.

उपासनेनंतर सभा सुरू झाली. मी पहिल्या बाकावर ठाण मांडलं. एवढ्यात दारात भाऊसो आला. तो आमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्या सुलाबाईंचा शेजारी.

"अमृतभाऊ, म्हातारी गेली."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी दफनभूमीची किल्ली खिशातून काढून उंच धरली. "कोण जातंय? खड्ड्याचं बघाया पायजे." कुणी खाली बघितलं, कुणी पंख्याकडं. मला संताप आला, पण मेलेल्या माणसाला ताटकळत कसं ठेवायचं? मी उठलो. सुलाबाईंना आंघोळ घालायला मंगलही निघाली.

खड्ड्याला माणसं लावून मी परत आलो, तेव्हा पाळक हसतमुखानं पुढं आले. "अमृतभाऊ, नऊ वर्षं केलंत, आता तुम्ही मोकळे झालात."

खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. मी हात जोडले. "देवाची दया. मग कोण झालं?"

मागच्या बाकावरून कृष्णात म्हणाला, "मंगलवैनी. एकमतानं."

मी दाराकडं वळलो. मंगल नुकतीच येऊन उभी होती. तिनं ऐकलं होतं.

"आगं, न्हाई म्हन की," मी म्हणालो.

तिनं बाकांवरची तोंडं एकेक करून बघितली. सगळी खाली. "आन मग चारला सुलाबाईच्या मातीला दफनभूमीचं दार कोन उगडनार?" ती म्हणाली आणि तिनं माझ्यापुढं हात केला. "किल्ली द्या."

मघाशी जी किल्ली कुणी घेईना, ती आता माझ्या मुठीतून सुटेना. तिनंच माझी बोटं सोडवली.

"करुणाला फोन तेवडा तुमी करा," ती म्हणाली. "माज्यानं न्हाई व्हायाचं."